दोन वाजून पाच मिनिटांची नोंद

आमच्या ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणायचे. त्यामागं काही फार जिव्हाळा होता असं नाही. तिचा सख्खा भाचा कधीकाळी आमच्याकडे कामाला लागला होता आणि भर मीटिंगमध्ये तिला ‘आत्या’ अशी हाक मारायचा. वर्षभरात तो दुसरीकडे निघून गेला, हाक मात्र इथंच सोडून गेला. साहेबसुद्धा तिला आत्याच म्हणायचे, आणि ते तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे होते.

मी नऊ वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसले. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं, तिचं काम डेटाबेस सांभाळायचं. आमची कंपनी इकडे परदेशात वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी नोंदींची यंत्रणा बनवते. कुणाला कुठली गोळी, किती वाजता, कुणी दिली, याच्या नोंदी. नर्सच्या हातात एक टॅब असतो. गोळी दिली की ती त्यावर बोट टेकवते, आणि ती वेळ आमच्या डेटाबेसात जाऊन बसते.

आत्या तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, आणि दिवसातून दोनदा तरी "माझा चष्मा कुणी उचलला गं?" नवरा जाऊन तिला चार वर्षं होत आली होती. घरी चौऱ्याऐंशी वर्षांची आई. सकाळी आईचं सगळं आवरायचं, शेजारणीला किल्ली द्यायची, दोन बस बदलून ऑफिसात यायचं आणि संध्याकाळी तेच सगळं उलट्या क्रमानं. खुर्चीत बसताना ती "आई गं" म्हणायची आणि उठतानाही. एकदा मी म्हटलं, "आत्या, सुट्टी घे चार दिवस." ती म्हणाली, "सुट्टीत घरीच असते की मी. त्यापेक्षा इथं निदान बसायला मिळतं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात साहेब एक कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले.

"आत्या, एक सही हवी. एका शुश्रूषागृहाचं पत्र आलंय. आपल्या नोंदी बरोबर आहेत एवढंच लिहून द्यायचंय. एका ओळीचं काम आहे."

आत्यानं कागद वाचायला घेतला. प्रकरण मार्चमधलं होतं. तिथल्या एका आजोबांना आकडी यायचा आजार होता. दुपारी दोनची गोळी चुकवून चालायची नाही. त्या दिवशी दोन चाळीसला त्यांना मोठी आकडी आली, पलंगाच्या कडेला डोकं आपटलं, आठ टाके पडले. नर्स म्हणत होती की गोळी तिनं दोन वाजून पाच मिनिटांनी दिली. आमची नोंद म्हणत होती तीन वाजून पाच. म्हणजे गोळी द्यायला ती विसरली, आकडी आल्यावर घाईघाईनं दिली आणि वर खोटंही बोलली, असा अर्थ झाला. गोळी वेळेवर देऊनही आकडी येऊ शकते, असं तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण नोंद समोर असताना ते ऐकतो कोण? नर्सला कामावरून काढलं. आता तिनं कामगार कार्यालयात तक्रार केली होती, म्हणून त्यांना आमचं पत्र हवं होतं.

"उद्या देते," आत्या म्हणाली.

"अहो, एक ओळ तर आहे."

"एका ओळीवर कुणाची तरी नोकरी आहे ना? मग बघून देते."

साहेब गेल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बरोब्बर एक तास. तासाचाच फरक कसा? माणूस विसरला तर त्याला सदतीस मिनिटांनी आठवतं, नाहीतर बावन्न मिनिटांनी. दोन पाचचे तीन पाच? मला हे काही बरं वाटत नाहीये."

तिथून आमच्या डोक्याला ताप सुरू झाला.

आमचा डेटाबेस काही आमच्या ऑफिसात नाही. दुसऱ्या देशात भाड्यानं घेतलेलं मशीन आहे, आणि तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा पाच तास मागे. प्रोग्राम आणि डेटाबेस एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये एक दुभाषी असतो, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. प्रोग्रामनं सांगितलेली वेळ तो डेटाबेसला समजेल अशी करून देतो. आता आमच्या तक्त्यात वेळेचा जो रकाना होता, त्यात नुसती वेळ मावायची. ती कुठल्या देशातली वेळ, हे लिहायला जागाच नव्हती. नऊ म्हणजे नऊ. कुणाचे नऊ, ते विचारायचं नाही.

आत्यानं पहिला संशय ड्रायव्हरवरच घेतला. जानेवारीत आम्ही त्याची नवी आवृत्ती बसवली होती. तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. दोन वाजून पाच मिनिटं अशी वेळ डेटाबेसात लिहायची आणि लगेच परत वाचायची. तिच्या मशीनवर दोन पाच लिहिलं, दोन पाचच परत आलं. चाळीस वेळा केलं, चाळीसही वेळा तेच. मग जुनी आवृत्ती बसवून पाहिली. तेच. मग त्या दूरच्या मशीनवर जाऊन तोच प्रोग्राम चालवला. तिथंही दोन पाच. दोन दिवस ती त्या ड्रायव्हरची माहितीपत्रकं वाचत बसली. छपाईयंत्रातून इतके कागद निघाले की शिपाई विचारून गेला, "बाई, पुस्तक काढताय का?"

दुसऱ्या दिवशी घरी तिनं आईला गोळ्या देताना नुसता सुस्कारा टाकला, तर आई म्हणाली, "काय झालं गं एवढं?"

"काही नाही गं. ड्रायव्हर त्रास देतोय."

"मग दुसरा ठेवा की! पितो का?"

हे तिनं तिसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या मला सांगितलं, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तेवढंच काय ते त्या आठवड्यातलं हसणं.

मी माझ्या बाजूनं एक गोष्ट केली होती. त्या शुश्रूषागृहाच्या चार वर्षांच्या नोंदी काढून त्यातल्या ‘उशिरा दिलेल्या’ गोळ्यांची यादी केली होती. उशीर झाला की आमच्या पडद्यावर ती ओळ पिवळी होते. यादी लांबलचक होती. मी वर-खाली सरकवत कंटाळून म्हटलं, "या नर्सांना मार्चमध्येच झोप येते की काय? बाकी वर्षभर कसं सगळं वेळच्या वेळी. मार्च आला की पिवळंच पिवळं."

आत्यानं डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला. नाकावरचा आधीच होता, तो खाली पडला. तिनं उचलला नाही.

"दाखव."

दर वर्षी मार्चमधले दोन आठवडे. आणि शरद ऋतूतला एक आठवडा. त्या तीन आठवड्यांत प्रत्येक नर्स, प्रत्येक गोळी, बरोबर एक तास उशिरा. फाइलमध्ये मेट्रनबाईंची, म्हणजे तिथल्या मुख्य परिचारिकेची, एक सूचनाही जोडलेली होती: ‘मार्चमध्ये कामात ढिलाई दिसते. हे खपवून घेतलं जाणार नाही.’

आत्यानं तो छोटा प्रोग्राम पुन्हा उघडला, त्या दूरच्या मशीनवर चालवला, फक्त या वेळी आजच्या तारखेऐवजी मार्चमधली ती तारीख घातली. दोन वाजून पाच लिहिलं.

तीन वाजून पाच परत आलं.

झालं होतं ते असं. त्या देशात मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढं करतात. आम्ही राहतो त्या देशातही करतात, पण दोन आठवडे उशिरा. शरदात ती मागं घेतात, तेव्हाही आठवडाभराचा फरक राहतो. म्हणजे वर्षातले तीन आठवडे दोन देशांतलं अंतर पाचाऐवजी चारच तासांचं असतं. ड्रायव्हर आपलं काम चोख करत होता. ज्या मशीनवर बसलाय तिथल्या घड्याळाप्रमाणे तो वेळ लिहायचा. आमचे दुपारचे दोन पाच, म्हणजे तिथले एरवी सकाळचे नऊ पाच आणि त्या तीन आठवड्यांत दहा पाच. पण नोंद वाचून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कुणीतरी सरळ एक ओळ लिहून ठेवली होती: पाच तास मिळवा. बारा महिने, तेरा काळ, पाचच. आत्याच्या टेबलावरच्या मशीनला ही ओळ लागूच नव्हती, आणि दूरच्या मशीनवर जूनमध्ये पाच बरोबरच होते. म्हणून दोन दिवस सगळं ठीक दिसत होतं.

"कुणी लिहिली ही ओळ?" मी विचारलं. माझं ते कामच होतं, विचारायचं.

आत्यानं पडदा माझ्याकडे वळवला. ओळीच्या वर टीप होती: ‘तात्पुरतं. नंतर नीट करणे.’ पुढं तारीख, चार वर्षांपूर्वीची. आणि तिच्या नावाची दोन अक्षरं.

ती तारीख मलाही आठवत होती. आम्ही डेटाबेस तिकडे हलवला तो आठवडा. तिचा नवरा तेव्हा अतिदक्षता विभागात होता आणि ती तिथल्या लाकडी बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करायची. मी ते बोलायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"नको. त्या नर्सला काय सांगू, माझा नवरा आजारी होता म्हणून?"

पण एवढ्यानं भागत नव्हतं. ओळ चुकीची आहे हे सिद्ध झालं, तरी त्या दिवशी गोळी दोन पाचलाच दिली याचा आमच्या डेटाबेसबाहेरचा काही पुरावा हवा होता. आत्याला आठवलं की टॅब स्वतःजवळही एक नोंद ठेवतो. त्यात तास-मिनिटं नसतात, एका ठरलेल्या क्षणापासून किती सेकंद झाले तेवढा आकडा असतो. तो आकडा सगळ्या जगात एकच, कुणी घड्याळ पुढं करो की मागं. मात्र ही नोंद नव्वद दिवसांनी आपोआप पुसली जाते. आम्ही बोटांवर मोजलं. सत्त्याऐंशी झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघी शुश्रूषागृहात गेलो. लांब बोळ, दोन्ही बाजूंना भिंतीला धरून चालायचे दांडे, जंतुनाशकाचा आणि उकळलेल्या चादरींचा वास. मेट्रनबाई उंच, ताठ, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"पत्र आणलंत?"

"पत्र नंतर देते," आत्या म्हणाली. "आधी टॅब बघायचेत. मार्चमध्ये त्या नर्सकडे कुठला होता?"

"ते आता कसं सांगणार? सगळे सारखेच. कपाटात आहेत, चार्जिंगला लावलेले."

अकरा टॅब होते. आत्या त्या कपाटासमोर जमिनीवरच बसली, गुडघा दुमडेना म्हणून एक पाय सरळ पसरून, आणि एकेक उघडून बघायला लागली. येणारे-जाणारे तिचा पाय ओलांडून जात होते. चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, पडलीस का? कुणाला तरी बोलाव." सातव्या टॅबमध्ये ते सापडलं. तिनं मला आकडा वाचून दाखवला, मी तो आमच्या इथल्या घड्याळात बसवला. दुपारचे दोन वाजून चार मिनिटं, एक्कावन्न सेकंद.

मेट्रनबाईंना तिनं तिथंच सगळं सांगितलं. ड्रायव्हर, दोन देश, तीन आठवडे. त्यांना अर्धं कळलं असेल. पण शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मुली उशीर करत नव्हत्या?"

"नाही."

"मी त्यांना चार वर्षं बोल लावतेय." त्या खुर्चीवर बसल्या. त्यांचा ताठपणा कुठं गेला कोण जाणे. "दोघींना तर मी लेखी ताकीद दिली."

ऑफिसात परतल्यावर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. "ठीक आहे. ‘तांत्रिक कारणामुळे वेळेच्या नोंदीत तफावत आढळली’ असं लिहू. कुणाची चूक, कधीपासून, या खोलात शिरायची गरज नाही."

"साहेब, तफावत कुणी केली ते लिहिलं नाही, तर लोक म्हणतील नर्सनंच काहीतरी केलं असेल."

"आत्या, तुमच्याच अंगाशी येईल."

"आलेलंच आहे," ती म्हणाली. "आता फक्त लिहायचं राहिलंय."

साहेब चिडले. कंपनीचं नाव, बाकीची गिऱ्हाइकं, असं बरंच बोलले. आत्यानं वाद घातला नाही. तिच्यात तेवढं त्राणच नव्हतं. ती नुसती उभी राहिली, टेबलाच्या कडेला हात टेकून, आणि ते थांबेपर्यंत थांबली. मग तिनं दीड पानाचं पत्र लिहिलं, त्यात ‘ही चूक माझी आहे’ असं सरळ लिहून खाली सही केली. साहेबांनी ते तीनदा वाचलं, एक स्वल्पविराम बदलला आणि जाऊ दिलं.

पत्राची एक प्रत द्यायला ती स्वतः त्या नर्सकडे गेली. मला म्हणाली, "चल सोबत, एकटीला धीर होत नाही."

नर्स आता कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानात कामाला होती. अडतिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेले. काउंटरमागे उभी राहून ती कोटांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती. आत्यानं कोण, कुठली ते सांगितलं आणि पत्र पुढं केलं. तिनं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"दोन चार," ती म्हणाली. "मी दोन पाच म्हणत होते."

"एक्कावन्न सेकंद होते. दोन पाचच झाले ते."

नर्सनं पत्राची घडी केली. "तुम्हाला सांगू का, त्या दुपारचं मी इतक्यांदा आठवलं, इतक्यांदा, की ते झिजूनच गेलं. पहिल्यांदा मला पेलासुद्धा दिसत होता, त्यांच्या शर्टावर सांडलेलं पाणी दिसत होतं. मग हळूहळू वाटायला लागलं, ते आदल्या दिवशीचं असेल. विसरलेच असेन मी. मशीनला काय माझ्याशी वैर आहे?"

"मशीनला मीच चुकीचं सांगून ठेवलं होतं," आत्या म्हणाली. "चार वर्षांपूर्वी. नंतर नीट करीन म्हणून."

मला वाटलं, आता नर्स ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुढचा कोट ओढला, चिठ्ठी टाचली, तो बाजूला टांगला.

"आजोबांच्या मुलीला कळवलंत का?" तिनं विचारलं. "ती मला सगळ्यांसमोर म्हणाली होती, तुझ्या हातून माझे वडील जाता जाता वाचले. कामाचं मी बघून घेईन. पण तिला कळायला हवं."

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्यानं मान डोलावली. त्याच संध्याकाळी तिनं मेट्रनबाईंना फोन केला, आणि त्यांनी त्या मुलीला बोलावून घेऊन सगळं सांगितलं. दोन दिवसांनी ती मुलगी कपड्यांच्या दुकानात जाऊन आली, एवढं नर्सनं नंतर कळवलं. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

शुश्रूषागृहानं नर्सला परत बोलावलं. ती गेली नाही. "त्या बोळातून पुन्हा चालणं मला जमायचं नाही," म्हणाली. कामगार कार्यालयातून तिला निर्दोष असल्याचं लेखी मिळालं. त्यावर पुढं तिला एका मुलांच्या दवाखान्यात काम लागलं.

आमच्याकडे मग उरलेलं काम सुरू झालं. आत्यानं ती ओळ काढली आणि तक्त्यातला रकाना बदलून घेतला. आता प्रत्येक वेळेसोबत ती कुठल्या घड्याळाची हेही लिहिलं जातं. मागच्या चार वर्षांतल्या त्या तीन-तीन आठवड्यांच्या नोंदी आम्ही दोघींनी दुरुस्त केल्या, आठ शुश्रूषागृहांच्या. पाच आठवडे गेले. नोंदी दुरुस्त करून झाल्यावर तिनं आणखी एक यादी काढली. त्या पिवळ्या ओळींमुळे ज्यांना कधीतरी ताकीद मिळाली होती, अशा एकोणीस नर्सांची. साहेब म्हणाले, "आता हे कशाला?" आणि मग स्वतःच म्हणाले, "बरं, पाठवा सगळ्यांना पत्रं." त्या भांडणानंतर त्यांचा सूर जरा उतरलाच होता.

एकोणीस पत्रं गेली. सात जणींची उत्तरं आली. एकीनं चिडून चार पानं लिहिली, ती आत्यानं शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. एकीनं फक्त ‘मला माहीत होतं’ एवढंच लिहिलं होतं. एक पत्र परत आलं, पत्त्यावर कुणी राहत नाही म्हणून. ती नर्स दुसरी ताकीद मिळाल्यावर स्वतःच काम सोडून गेली होती, तीन वर्षांपूर्वी.

आत्या एका रविवारी त्या पत्त्यावर जाऊन आली. तीन मजले, लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईनं सांगितलं की ते लोक केव्हाच गाव सोडून गेले, बाई कुठं काम करते ते ठाऊक नाही, पण पुन्हा नर्सचं काम नको म्हणत होती एवढं आठवतं. आत्यानं आपला नंबर तिच्याकडे लिहून ठेवला. सोमवारी मला हे सांगताना ती गुडघा चोळत होती.

"फोन येईल का गं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "येईल की."

तिला ते पटलं नाही हे दिसत होतं. तिनं चष्मा पुसला, मशीन सुरू केलं आणि त्या दिवशीचं काम उघडलं.